दिवसाला एक मिलिमीटर

मनगटावर काच लागून मीडियन हा मज्जातंतू तुटला की अंगठ्यासह लगतची बोटे बधिर होतात, अंगठा बोटांसमोर आणता येत नाही, आणि तुटलेली टोके शिवल्यावरही हे दोष लगेच जात नाहीत. कारण शिवले जाते ते फक्त वरचे आवरण, संदेश वाहणारे आतले सूक्ष्म अक्षतंतू नव्हेत. जखमेच्या पुढचा अक्षतंतूंचा भाग काही दिवसांत विघटित होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाखवून दिले. मागे उरतात त्या आधार देणाऱ्या श्वान पेशींच्या नळ्या, आणि मज्जारज्जूकडील टोकातून फुटणारे नवे अंकुर त्यांतूनच, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, पुढे सरकतात.

म्हणून टोके नेमकी जुळवणे हेच शल्यविशारदाचे खरे काम असते. आवरणावरील बारीक रक्तवाहिन्यांच्या खुणा जुळवून, सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षाही बारीक नायलॉनच्या धाग्याने मोजकेच टाके घातले जातात. जोडावर ताण आला तर रक्तपुरवठा घटतो आणि वाढलेली व्रणऊती अंकुरांची वाट अडवते. मोठी फट ओढून शिवण्यापेक्षा तिच्यात कलम बसवणे श्रेयस्कर, हे व्हिएन्नाचे हानो मिलेसी यांनी ठामपणे मांडले. कलमासाठी बहुधा पोटरीतील सूरल हा संवेदनावाहक मज्जातंतू काढतात. त्याची किंमत म्हणजे पावलाच्या बाहेरील कडेची बधिरता.

दुचाकीच्या अपघातात मान आणि खांदा विरुद्ध दिशांना ओढले जाऊन हाताच्या मज्जातंतूंची मुळे मज्जारज्जूपासूनच उपटली जातात, तेव्हा मात्र शिवायला वरचे टोकच उरत नाही. शिवाय मज्जातंतूचा संपर्क तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात नवे अंकुर स्वीकारण्याची क्षमता गमावतो, त्यामुळे उपचारांतील दिरंगाई येथे फार महागात पडते. यावर क्रिस्टोफ ओबरलँ यांनी १९९४ साली मांडलेला उपाय विलक्षण कल्पक आहे. वरची मुळे उपटली गेली तरी पंजाकडे जाणारा अल्नर मज्जातंतू पुष्कळदा शाबूत असतो. त्यातील एखाद-दुसरी जुडी दंडातच वेगळी करून बेटकुळीच्या स्नायूकडे जाणाऱ्या शाखेला जोडली जाते. अंकुरांना मग काही सेंटिमीटरच जावे लागते, आणि योग्य जुडी निवडल्यास पंजाची ताकद सहसा लक्षणीय घटत नाही. सुरुवातीला कोपर वाकवण्यासाठी रुग्णाला मनगट वाकवण्याचा किंवा मूठ आवळण्याचा प्रयत्न करावा लागतो. व्यायामाने मेंदू या दोन हालचाली हळूहळू वेगळ्या करू लागतो.