संकेतलोप व आच्छादन, मेंदू-प्रतिमांकनातील

कार्यदर्शी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (एफएमआरआय) या तंत्रात मेंदूच्या काही भागांकडून येणारा संकेत अतिशय क्षीण होतो किंवा नाहीसा होतो. यास संकेतलोप म्हणतात. प्रतिमेचा कोणता भाग विश्लेषणात घ्यावयाचा व कोणता वगळावयाचा हे ठरविण्याच्या क्रियेस आच्छादन म्हणतात. या दोहोंच्या संयोगाने ‘माहिती उपलब्ध नाही’ व ‘क्रियाशीलता नाही’ यांतील भेद पुसला जाण्याचा धोका असतो.

कारणे : रक्तातील ऑक्सिजनाच्या प्रमाणानुसार संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिनामुळे चुंबकीय क्षेत्रात निर्माण होणारी सूक्ष्म विषमता हा या तंत्राचा आधार होय. तथापि हवा व ऊतक यांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेतही दहा लाखांत सु. ९ भाग इतका फरक असतो. त्यामुळे नासाकोटरांच्या वरचा ललाटखंडाचा तळ आणि कानाच्या पोकळ्यांजवळचा शंखखंडाचा खालचा व पुढचा भाग येथे क्षेत्र फारच विषम होते. प्रतिमेच्या लहानात लहान घन घटकास व्हॉक्सेल म्हणतात. एकाच व्हॉक्सेलमधील हायड्रोजन अणुकेंद्रांच्या कला अशा ठिकाणी झपाट्याने भिन्न होतात व त्यांचे संकेत परस्परांना निष्प्रभ करतात.

आच्छादन : ठराविक मर्यादेपेक्षा कमी तीव्रतेचे व्हॉक्सेल वगळले जातात. एसपीएम या संगणक प्रणालीत ही मर्यादा सामान्यतः सरासरी तीव्रतेच्या ८०% धरलेली असते. गटविश्लेषणात सर्व व्यक्तींना समाईक असलेलेच व्हॉक्सेल राखले जातात. परिणामी २० व्यक्तींपैकी एकीच्या प्रतिमेत लोप झाला, तरी तो व्हॉक्सेल सर्वांसाठी बाद होतो. अंतिम नकाशात मात्र ही जागा क्रियाशून्य भागासारखीच दिसते.

शंखखंडाच्या पुढील भागाचा ऱ्हास झालेले रुग्ण शब्दांचे अर्थ विसरतात. तरीही अनेक एफएमआरआय अभ्यासांत हा भाग निष्क्रिय दिसे. जे. टी. डेव्हलिन व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये शब्दार्थविषयक कार्यासाठी दोन तंत्रांची तुलना केली. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शनात तेथे क्रियाशीलता आढळली, एफएमआरआयमध्ये आढळली नाही. दोष मेंदूविषयक सिद्धांताचा नसून मापनाचा होता.

उपाय : छेद पातळ घेणे, ते तिरपे करणे आणि उत्तेजनानंतर संकेत लवकर मोजणे यांनी लोप कमी होतो, मात्र फार लवकर मोजल्यास ऑक्सिजनजन्य बदलाची संवेदनशीलताही घटते. म्हणून निरनिराळ्या काळी अनेक मापने घेऊन ती एकत्रित करतात. चुंबकीय क्षेत्राच्या नकाशाने प्रतिमेतील आकारविकृती सुधारता येते, पण लुप्त झालेला संकेत परत मिळत नाही. मर्यादा खाली आणल्यास अधिक व्हॉक्सेल टिकतात, परंतु त्यांतील काहींत केवळ गोंगाट असतो. यास्तव निष्कर्षांबरोबर वापरलेले आच्छादनही दर्शविणे आवश्यक ठरते. आच्छादनाबाहेरच्या भागाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.