विलायतेंतील उन्हाळी ‘एल’

गेल्या जूनमध्यें आम्ही महिनाभर यॉर्कशायरमध्यें भाच्याकडे राहिलों होतों. त्याच्या स्वयंपाकघरांतील मोठें पातेलें पाहून आम्हांस वाटलें, कांहीं मेजवानीची तयारी असावी. परंतु भाचा करीत होता ‘एल’, म्हणजे इंग्रजांचें हलकें उन्हाळी मद्य! आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या भिवया येथें वर चढतील. आमच्याही चढल्या. तथापि ती कृति आम्हीं शेवटपर्यंत पाहिली, आणि तींत परकें असें फारच थोडें आढळलें.

तान्ह्या मुलासाठीं आपण नाचणीस मोड आणून, ती सुकवून, दळून ठेवितों; इंग्रज तोच संस्कार जवावर करितात व त्यास ‘माल्ट’ म्हणतात. मोड येतांना धान्यांत जीं पाचक द्रव्यें तयार होतात, तीं पिष्टाची साखर करितात. भाच्यानें ७०० ग्रॅम भरडलेलें माल्ट गरम पाण्यांत कालवून तासभर ६६ अंश सेल्सियसवर राखिलें. खरी हातोटी येथेंच आहे. पाणी फार तापलें तर तीं द्रव्यें नाश पावतात आणि गोडी उतरत नाहीं. मग रस गाळून, त्यांत ‘हॉप’ नांवाच्या वेलीचीं १० ग्रॅम वाळलेलीं फुलें घालून तो तासभर उकळला. हीं फुलें कडवट खरीं, पण त्यांनीं रस टिकतो. पंधराव्या शतकापूर्वीं इंग्लंडांत तीं बहुधा घालीत नसत, आणि त्या काळीं हें काम मुख्यतः घरच्या बायकांचेंच असे. निवल्यावर रस साडेचार लिटर भरला. त्यांत यीस्ट टाकून भांडें झांकून ठेविलें.

तिकडे १९६३ पर्यंत घरीं बीअर करण्यास सरकारी परवाना लागे. आतां स्वतःपुरती करण्यास लागत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य करणें हा गुन्हा आहे. यास्तव येथें कोणी हा प्रयोग करूं नये.

भाच्याच्या पहिल्या खेपेची हकीकत आम्हांस भाचेसूनबाईंनीं सांगितली. पाहुणे यावयाचे म्हणून त्यानें चौथ्याच दिवशीं रस बाटल्यांत भरला, व फेंस यावा म्हणून वर साखरही घातली. आंत साखर शिल्लक होतीच. यीस्ट साखर खातें तेव्हां मद्यार्काबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड वायुही सुटतो. त्यास बाहेर पडण्यास वाट मिळाली नाहीं. मध्यरात्रीं एक बाटली फुटली, आणि धाकटी मुलगी दुपारीं जेथें खेळत बसे, त्या कोपऱ्यापर्यंत कांचा उडाल्या. तेव्हांपासून सूनबाईंची अट अशी कीं, घनतामापकाचा आंकडा तीन दिवस एकच राहिल्यावांचून बाटली भरावयाची नाहीं. भाचा आतां तो आंकडा त्यांस दाखवूनच पुढें जातो. ही व्यवस्था आम्हांस फार आवडली.

यंदा दहाव्या दिवशीं बाटल्या भरल्या. दर अर्ध्या लिटरास साखर अर्धा चमचा, अधिक नाहीं. दोन आठवड्यांनीं पहिली उघडली. रंग मधासारखा, मद्यार्क शेंकडा तीनच्या आसपास.

“मामा, निदान वास तरी घ्या,” भाचा म्हणाला.

वास आम्हीं घेतला. ताज्या पावाचा आणि किंचित् लिंबाच्या सालीचा होता. पेला मात्र त्याचा त्यासच परत केला, आणि येथून नेलेल्या कोकमांचें सरबत मागितलें.