धाडचा गोठा, पुण्यातली स्क्रीन

धाड गावाच्या परिसरात मी वायरिंगची आणि कॅमेऱ्यांची कामं करतो. हल्ली फोन येतात ते बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांचे. आईवडील इथे, गोठ्यात म्हशी, अंगणात वाळत घातलेली सोयाबीन. हे सगळं तिकडे मोबाइलवर दिसावं. प्रत्येकाचं सांगणंही सारखंच : "भाऊ, चार अँटेनाचा भारी राउटर टाका."

मी आधी घर बघतो. धाब्याच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती चांगल्या जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशा भिंतीपलीकडे ते फारसं उरत नाही. २.४ चं सावकाश असलं तरी लांब पोचतं आणि बरेचसे घरगुती कॅमेरे त्याच्यावरच चालतात. गोठ्याला चारी बाजूंनी टिनपत्रे असतील, तर दोन्ही लहरी पत्र्यावरून माघारी फिरतात. तिथे सरळ लॅनची केबल ओढावी. १०० मीटरपर्यंत ती निर्धास्त चालते आणि पीओईवाला कॅमेरा असला तर त्याच तारेतून त्याला वीजही मिळते.

दुसरी गोष्ट अपलोडची. सिनेमा बघताना नेट घरात येतं. इथे चित्र घरातून बाहेर जायचं असतं. फुल एचडीच्या एका कॅमेऱ्याला साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड लागतं, आणि चित्र दाबून लहान करणारं एच.२६५ निवडलं तर बरंच कमी. फायबरवर ते सहज मिळतं. सिमकार्डच्या राउटरवर मात्र संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की चित्र अडकतं.

खरी गाठ पुढे आहे. पुण्यातल्या मोबाइलला धाडमधलं हे घर सापडणार कसं? इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही४, एकूण सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. एका वाड्यात पन्नास बिऱ्हाडं आणि दारावर एकच घरनंबर, असा तो प्रकार. राउटरच्या पानावर वॅनसमोरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही अशा वाड्यात आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कोणी आत पोचत नाही.

क्यूआर स्कॅन करून चालू होणारे कॅमेरे ही अडचण टाळतात, कारण ते स्वतःच कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरला आतून हाक मारतात. सोय मोठी आहे, पण घरातल्या चित्राचा मार्ग दुसऱ्याच्या हाती जातो. ज्यांना ते नको, त्यांनी इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी घ्यावा किंवा आयपीव्ही६ हे नवे पत्ते वापरावेत, आणि राउटरवर वायरगार्डसारखा व्हीपीएन बसवावा. कॅमेऱ्याचं पोर्ट उघडं टाकून देणं मला मान्य नाही. कोणी तसं मागितलं तर मी काम घेत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या संगणकी किड्याने कॅमेरे आणि राउटर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. २१ ऑक्टोबरला त्यांचाच मारा वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास कित्येकांना उघडेनात. त्यात साध्या घरांतलेही कॅमेरे होते. म्हणून पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद करायचं, फर्मवेअर ताजं ठेवायचं.

पैसे मुलगा देत असला तरी कॅमेरा कुठे लावायचा हे मी त्याच्या आईला विचारतो. तिचं बसणं-उठणं ज्या ओसरीत, तिथे तिला नको असेल तर लावत नाही. गोठा आणि फाटक दिसलं तरी पुण्यातल्या माणसाची काळजी बरीच मिटते.

वीज जाणं इथे रोजचं. राउटर आणि फायबरची पेटी दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे लहानसा डीसी यूपीएस पुरतो. पण तो दोन्हींना हवा, आणि कॅमेऱ्यालाही. शेवटी तपासणी घरच्या वायफायवर करू नका. मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या नेटवर चित्र उघडून बघा, आणि तेही संध्याकाळी, सगळं गाव नेटवर असताना.