साक्ष आणि निर्मिती : होलोकॉस्टच्या अध्यापनातील विद्यार्थी-स्पर्धा

इतिहासाचे अध्यापन केवळ सनावळी व आकडे यांवर विसंबून राहिले, की त्यातील माणूस दृष्टीआड होतो. नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी सुमारे ६० लक्ष ज्यूंची हत्या केली; त्यांत सुमारे १५ लक्ष मुले होती. या संख्येचे आकलन शाळकरी मुलास कसे व्हावे? होलोकॉस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संहाराच्या अध्ययनासाठी अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या कला व लेखन स्पर्धा भरविल्या जातात. त्यांचे मर्म आम्ही येथे विशद करीत आहोत.

कॅलिफोर्नियातील चॅपमन विद्यापीठाची स्पर्धा हे याचे ठळक उदाहरण होय. '१९३९ सोसायटी' ही तिची सहयोगी संस्था. संहारातून वाचलेल्यांनी १९५२ साली लॉस एंजेलिस येथे ती स्थापन केली; १९३९ हे पोलंडवरील नाझी आक्रमणाचे वर्ष. स्पर्धकाने प्रथम एका वाचलेल्या व्यक्तीची ध्वनिचित्रमुद्रित साक्ष पाहावयाची, तीतील मनाला भिडलेला शब्द वा वाक्य निवडावयाचे आणि त्याच्या आधारे गद्य, कविता, चित्र वा लघुपट सिद्ध करावयाचा, अशी पद्धत आहे. आधी श्रवण, मग चिंतन, त्यानंतर निर्मिती, हा क्रम महत्त्वाचा आहे. साक्षीदार वृद्धापकाळाने निघून जात आहेत. १९९४ साली स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनने ५०,००० हून अधिक साक्षी जतन केल्या आहेत. परंतु जतन केलेली साक्ष कोणी ऐकलीच नाही, तर ती असूनही नसल्यासारखीच.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. इतरांच्या यातनांवर रचना करून पारितोषिक मिळवावे काय? आक्षेप गंभीर आहे. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयही शिक्षकांना बजावते, की छावणीतील प्रसंगांची नक्कल विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये; अशा नकलेतून ते अनुभव आपल्याला कळले, असा खोटा समज तेवढा उत्पन्न होतो. म्हणूनच 'मी कैदी आहे' असे लिहिणारा विद्यार्थी आणि 'मी या व्यक्तीचे ऐकले' असे लिहिणारा विद्यार्थी यांत भेद केला पाहिजे. पहिला दुसऱ्याचे दुःख बळकावतो. दुसरा त्याची जबाबदारी स्वीकारतो.

येथे तेरेझिनचे स्मरण उचित ठरेल. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीस डिसेंबर १९४२ मध्ये त्या वस्तीत धाडण्यात आले. तेथे त्यांनी मुलांना चित्रकला शिकविली. जेथे माणसाला क्रमांक देण्यात येई, तेथे चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झ येथे त्यांची हत्या झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक मुलेही वाचली नाहीत. मात्र दोन पेट्यांत दडवून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे वाचली. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत.

त्या चित्रांवर नावे आहेत, म्हणूनच ती मुले निव्वळ संख्येत विरून गेली नाहीत. आजच्या स्पर्धांचीही, आमच्या मते, हीच कसोटी होय. निकाल लागल्यानंतर विजेत्यांची नावे विसरली गेली तरी चालेल. ज्याची साक्ष ऐकली, त्याचे नाव विद्यार्थ्याच्या स्मरणात राहिले पाहिजे.