मोझेस आजीबाई व त्यांची चित्रकला

चित्रकला ही उपजत देणगी असून, ज्यास ती लाभली व ज्यास चित्रशाळेत शिकावयाची ऐपत आहे त्यानेच तिच्या वाटेस जावे, असा समज आपल्या घरोघरी आढळतो. लहानपणी बहुतेक मुले कोळशाने भिंतीवर झाड व डोंगर काढितात. पुढे परीक्षांच्या धामधुमीत हात थांबतो, आणि मोठेपणी तीच मुले ‘आम्हांस चित्र काढता येत नाही’ असे निःशंकपणे सांगतात. थांबलेला हात पुन्हा चालू होतो काय, व ज्यास गुरू नाही त्यास शिकवितो कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे अमेरिकेतील एका शेतकरीण बाईंच्या चरित्रात उत्तम प्रकारे सापडतात. म्हणून ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

अ‍ॅना मेरी रॉबर्टसन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनविच या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. भावंडे दहा. मुलांनी चित्रे काढलेली वडिलांस आवडत, म्हणून ते त्यांच्याकरिता पांढऱ्या कागदाचे ताव विकत आणीत. रंग मात्र विकतचे नव्हते. द्राक्षांचा व रानातील फळांचा रस हाच रंग. हे सुख फार दिवस टिकले नाही. वयाच्या १२ व्या वर्षी या मुलीस दुसऱ्यांच्या घरी कामास राहावे लागले, व तशी सुमारे १५ वर्षे गेली. १८८७ साली थॉमस मोझेस या शेतकऱ्याशी विवाह झाला. व्हर्जिनियात शेती, गाईगुरे, लोणी काढून विकणे, अशा रगाड्यात १० अपत्ये झाली. त्यांपैकी ५ तान्हेपणीच गेली. १९०५ साली हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील ईगल ब्रिज येथे परतले.

इतक्या वर्षांत चित्रांस सवड कोठून मिळणार? तथापि ओढ समूळ गेली नव्हती. १९१८ साली बैठकीच्या खोलीस भिंतीचा कागद लावीत असता तो अपुरा पडला, तेव्हा शेकोटीचे तोंड झाकणाऱ्या तक्त्यावर बाईंनी झाडे व तळे रंगवून वेळ भागविली. १९२७ साली पती वारले. पुढे त्या लोकरीच्या धाग्यांनी कापडावर देखावे भरू लागल्या. परंतु संधिवाताने बोटे आखडली व सुई धरवेना. सुईपेक्षा कुंचला धरणे सोपे जाईल, असे बहिणीने सुचविले. त्या वेळी बाईंचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते.

आरंभी त्या छापील चित्रांवरून नकला करीत. नकलेने हात वळतो यात शंका नाही. परंतु जेव्हा त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले खोरे, आपल्या आठवणीतील बर्फ व सुगी रंगविण्यास घेतली, तेव्हाच त्यांची चित्रे त्यांची स्वतःची झाली. त्यांची रीत अगदी साधी होती. चित्र वरून खाली रंगवावयाचे: प्रथम आकाश, नंतर दूरचे डोंगर, मग जवळच्या टेकड्या व झाडे, आणि शेवटी घरे, गुरे व माणसे. दूरचा डोंगर निळसर व फिका दिसतो, कारण मध्ये असलेल्या हवेत प्रकाश विखुरला जातो. हा नियम त्यांस कोणी पुस्तकातून शिकविला नव्हता. रोज दाराशी उभे राहिले की तो दिसत असे. बर्फात निळा रंग अधिक घालावा, असा जाणत्यांचा सल्ला होता. त्यावर, आपण बर्फ पुनःपुन्हा पाहिला, त्यात निळे काही दिसले नाही, असे त्यांनी सांगितले. शास्त्र काहीही म्हणो, आपल्या पाहण्यावर एवढा विश्वास ठेवण्याचा अधिकार ज्याने खरोखर पाहिले आहे त्यासच असतो.

त्यांच्या चित्रांत दोष नाहीत असे नाही. घरांची मोजमापे चुकतात, माणसे बाहुल्यांसारखी दिसतात. मासिकांतील आकृती कापून ठेवून त्या त्यांवरून माणसे उतरून घेत. परंतु मेपलच्या झाडांतून गोड रस काढण्याच्या दिवसांतली थंडी, किंवा पाऊस येण्यापूर्वीचे आकाश त्यांच्या चित्रात पाहणाऱ्यास तत्काळ ओळखू येते.

गावच्या जत्रेत त्यांनी मुरंबे व चित्रे दोन्ही मांडली. बक्षीस मुरंब्यास मिळाले, चित्रांस नाही! १९३८ साली हूसिक फॉल्स येथील औषधाच्या दुकानात तीन ते पाच डॉलर किमतीने लावलेली ही चित्रे लुई काल्डर या गृहस्थाने पाहिली व सगळी विकत घेऊन तो त्यांच्या घरी गेला. सुनेने दहा चित्रे आहेत असे सांगून टाकले होते, निघाली नऊ. तेव्हा आजीबाईंनी एक मोठे चित्र मधोमध कापून दहा भरविली. ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. पुढे सारा देश त्यांस ‘ग्रँडमा’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागला. १३ डिसेंबर १९६१ रोजी १०१ वर्षांच्या होऊन त्या वारल्या, तोपर्यंत त्यांच्या हातून १५०० हून अधिक चित्रे झाली होती.

विद्यार्थी मित्रहो, यावरून शिक्षणाची गरज नाही असे कोणी समजू नये. ज्यास शिक्षक मिळतो त्याचे पुष्कळ कष्ट वाचतात. परंतु पाहण्याचे काम शिक्षक आपल्याकरिता करू शकत नाही. शाळेच्या वाटेवरील एकच झाड निवडा. मृगाच्या पावसात ते कसे दिसते, होळीच्या सुमारास कसे दिसते, ते वर्षभर पाहा, आणि मग कागद हाती घ्या.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या हातचा कागद ‘वेळ फुकट घालवितोस’ म्हणून हिसकावून घेण्यापूर्वी त्या शेतकरी बापाचे स्मरण करावे. त्याने आणलेल्या कागदाचे फळ साठांहून अधिक वर्षांनी दिसले, व ते पाहावयास तो जिवंत नव्हता. घरात रांगोळी काढणाऱ्या व गोधडी शिवणाऱ्या माउलींचेही हात असेच कधीकाळी थांबलेले असतील. पुढच्या वेळी मुलाकरिता कागद आणाल, तेव्हा एक ताव त्यांच्याकरिताही आणावा.