हृदयाची लय आणि औषधांची दुहेरी धार

निरोगी हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा स्पंदन पावते. उजव्या कर्णिकेतील पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात विद्युत्संकेत उमटतो, कर्णिकांमधून पसरतो, मधल्या गाठीत क्षणभर थबकतो आणि मग जवनिकांकडे उतरतो. हा क्रम बिघडला की ठोके अतिजलद, अतिमंद वा अनियमित होतात. अतिमंद लय कायमची असल्यास बहुधा पेसमेकर बसवावा लागतो. औषधांचे क्षेत्र मुख्यतः जलद व अनियमित लयीचे.

हा संकेत म्हणजे सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांच्या विद्युत्भारित कणांची पेशीपटलातील सूक्ष्म द्वारांतून होणारी ये-जा होय. फ्लेकेनाइड सोडियमचे द्वार अडवून संकेताचा वेग घटवते. सोटॅलॉल पोटॅशियमचे बाहेर पडणे लांबवते, त्यामुळे पेशीला दोन ठोक्यांमध्ये अधिक विसावा मिळतो. व्हेरापामिल कॅल्शियम रोखून मधल्या गाठीतील विलंब वाढवते. मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील प्रभाव कमी करतात.

या औषधशास्त्राचा उगम एका व्यापाऱ्याच्या अनुभवात आहे. १९१२ साली एका डच व्यापाऱ्याने कारेल वेंकेबाख या वैद्याला सांगितले, की क्विनाइन घेतल्यावर आपली अनियमित नाडी नियमित होते. मलेरियावरील औषधाचा हा गुण वेंकेबाख यांनी १९१४ मध्ये नोंदविला आणि पुढे क्विनाइनचेच भावंड असलेले क्विनिडिन लयदोषावर वापरात आले.

मात्र लय सुधारणारे औषध लय बिघडवूही शकते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये अवेळी पडणारे ठोके दाबले तर मृत्यू टळतील, असे तर्कसंगत वाटत होते. अमेरिकेतील ‘कास्ट’ या चाचणीने तो समज मोडून काढला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार एन्केनाइड वा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले. औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके खरोखरच कमी झाले होते, मृत्यू मात्र वाढले! व्रण पडलेल्या स्नायूत मंदावलेला संकेत वर्तुळात फिरत राहून घातक लय निर्माण करू शकतो. म्हणूनच आज फ्लेकेनाइड देण्यापूर्वी हृदयाची रचना निर्दोष असल्याची खात्री करून घेतली जाते. सोटॅलॉलचा धोका वेगळा: विसावा प्रमाणाबाहेर लांबला तर जवनिकांत अकस्मात जलद लय उसळते. जुलाबाने वा लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटले, किंवा एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक जोडीला आले, तर हा धोका वाढतो. घशाच्या दुखण्यासाठी गेलेल्या रुग्णानेही आपल्या हृदयाच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांस दाखवावी, ती यासाठीच.

अ‍ॅमिओडॅरोन हे यांतील सर्वांत प्रभावी, आणि सर्वांत उपद्रवीही. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीनचा असल्याने थायरॉइड ग्रंथी मंदावते अथवा अतिक्रियाशील होते. त्वचा उन्हाने भाजते, यकृतावर ताण येतो; क्वचित फुप्फुसांचा दाह होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. नवा कोरडा खोकला वा धाप लागणे हे सर्दीचे लक्षण मानून सोडून देऊ नये. औषध चरबीत साठून राहत असल्याने ते बंद केल्यावरही परिणाम कित्येक आठवडे, प्रसंगी महिने टिकतो. थायरॉइड व यकृताची तपासणी साधारणतः दर सहा महिन्यांनी करावी लागते.

इतरांचे त्रास त्यामानाने सौम्य. व्हेरापामिलने बद्धकोष्ठता होते. बीटा-ब्लॉकरने थकवा येतो, हातपाय गार पडतात, दमा बळावू शकतो. मधुमेही व्यक्तीला साखर उतरल्याची धडधड जाणवेनाशी होते. तरीही गोळी परस्पर थांबविणे अयोग्य, कारण अचानक थांबविल्यास ठोके उसळी घेतात.

कर्णिकांच्या थरथरीत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, रक्त साकळून गुठळी मेंदूत जाण्याचा धोका उरतोच. लय नियमित झाली म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करता येत नाही. ही गोळी वॉर्फरिन असून जोडीला अ‍ॅमिओडॅरोन सुरू झाले, तर रक्त अधिकच पातळ होते. अशा वेळी वॉर्फरिनची मात्रा बहुधा घटवावी लागते आणि आयएनआर तपासणी काही काळ वरचेवर करावी लागते.