भिडूची बाजू कोण घेणार?

दिवाळी आली की अंधेरी-बोरिवलीकडे कुठल्या ना कुठल्या सोसायटीत ते केविलवाणे दृश्य दिसतेच. कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधून पोरे टाळ्या पिटीत असतात आणि वर गॅलरीत उभी असलेली मोठी माणसेही हसतात!

अशा वेळी 2011 साली आलेला ‘चिल्लर पार्टी’ हा हिंदी चित्रपट आठवतो. नितेश तिवारी आणि विकास बहल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथा तुमच्या-आमच्या दारातलीच. मुंबईच्या एका कॉलनीत फटका नावाचा गरीब पोरगा मोटारी धुवायला येतो. सोबत त्याचा जिवलग भिडू, रस्त्यावरचा कुत्रा. आश्चर्य हे, की या दोघांना हुसकून लावायला प्रथम सरसावतात ती कॉलनीतलीच मुले! पुढे गट्टी जमते. आणि मंत्रिमहाशय भिडूवर उठतात, तेव्हा तीच मुले नुसत्या चड्ड्यांवर मोर्चा काढून त्याची बाजू घेतात.

प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी केलेल्या 1960च्या कायद्याने मुक्या जनावराला मारझोड करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल 10 ते 50 रुपये दंड ठरवला. पण दंडाच्या धाकाने का कुणाला माया फुटते? ती घरातच शिकवावी लागते. पोरे माळ बांधतात, तेव्हा त्यांचा एक डोळा वर गॅलरीकडे असतो.

तेव्हा यंदा फराळाची ताटे शेजारी धाडताना जिन्याखाली पाण्याचे एक भांडेही ठेवा. आणि ते ठेवायला घरातल्या चिरंजीवांनाच पाठवा!